हृदय भरते कसे, हे कळते कसे?

सावंतवाडी, कुडाळ किंवा वेंगुर्ल्यात साठी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या पिशवीत हल्ली ‘टूडी इको’चा एखादा अहवाल हमखास सापडतो. त्यातल्या दोन ओळी घरोघरी ओळखीच्या झाल्या आहेत. पहिली ‘ईएफ 60 टक्के’. ती वाचून घरचे निर्धास्त होतात, कारण पंपिंग चांगले आहे असे त्यांना कळते. दुसरी ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. तिने कुणाची झोप उडते, तर कुणी ती वाचतही नाही. पहिल्या ओळीवर एवढा विश्वास टाकता येत नाही आणि दुसरीची इतकी भीती किंवा इतकी उपेक्षाही योग्य नाही. हृदय रक्त किती जोराने बाहेर ढकलते, हे एका आकड्यात बऱ्यापैकी सांगता येते. ते सैल कसे होते आणि पुन्हा कसे भरते, हे मात्र कोणताही एक आकडा सांगत नाही. अनेक खुणा एकत्र ठेवून, माणसाचे वय आणि तक्रार पाहून ते ठरवावे लागते. गेल्या चाळीसेक वर्षांत या परीक्षेचे शास्त्र कसे घडले, ते कुठे पोचले आणि कुठे अडते, हे सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याने समजून घेण्यासारखे आहे.

त्याचे कारण जिल्ह्याच्या लोकसंख्येतच आहे. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8 लाख 68 हजार होती. 2011 मध्ये ती 8 लाख 49 हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना, मुंबई शहर जिल्हा सोडला तर ती घटलेले दोनच जिल्हे होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेले आणि घर सांभाळायला वयस्क माणसे उरली. दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया, हा त्याच जनगणनेतला आकडा. आता हृदयविकाराच्या जगभरच्या अभ्यासांकडे पाहिले, तर पंपिंग शाबूत असूनही होणारे हृदयाचे अपयश उतारवयात आणि त्यातही स्त्रियांमध्ये अधिक आढळते. रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले वजन ही त्याची नेहमीची सोबत. हृदयाच्या अपयशाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण या गटात मोडतात. ‘चढणीर धाप लागता’ ही तक्रार वयावर, वजनावर किंवा अंगात रक्त कमी असण्यावर ढकलली जाते, तेव्हा यातल्या काही जणींचा आजार नजरेतून सुटतो.

हृदय सैल होते म्हणजे ते स्वस्थ बसते असे नाही. मिनिटाला 75 ठोके पडत असतील तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतात. त्यातले सुमारे 0.3 सेकंद आकुंचनाचे आणि उरलेला अर्धा सेकंद प्रसरणाचा. आकुंचनाच्या वेळी स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा येतो. सैल व्हायचे तर तेच कॅल्शियम पुन्हा साठ्यात खेचून न्यावे लागते आणि या कामाला ऊर्जा खर्ची पडते. निरोगी डावे निलय, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, इतक्या झपाट्याने सैल होते की आतला दाब वरच्या कप्प्यापेक्षा, म्हणजे अलिंदापेक्षा खाली जातो, दोहोंमधली मिट्रल झडप उघडते आणि रक्त आत ओढले जाते. मग क्षणभर प्रवाह मंदावतो आणि शेवटी अलिंद आकुंचन पावून उरलेले रक्त खाली ढकलते. स्नायू जाड किंवा ताठर झाला, कॅल्शियम परत नेण्याचे काम सुस्तावले, की ही ओढ कमी पडते. मग तेवढेच रक्त भरायला अलिंदाला दाब वाढवावा लागतो. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि माणसाला धाप लागते. चढणीवर ठोके 120 झाले तर एका ठोक्याला अर्धाच सेकंद उरतो आणि ही कपात मुख्यतः भरण्याच्या वेळातून होते. बसल्या जागी ठीक असणारी आजी पाणंदीच्या चढावर थांबते, ती यामुळे.

हा मागे साचणारा दाब किती घातक असतो, ते कोकणाने वेगळ्या प्रसंगात पाहिले आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे अभ्यासले. विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, डाव्या निलयावर असह्य भार पडतो आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरते. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन देऊन बावस्करांनी हा भार उतरवला आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मधून ते जगापुढे मांडले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषाने जे काही तासांत घडते, ते आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब वीस वर्षांत, हळूहळू आणि बिनबोभाट घडवतो.

हा दाब थेट मोजायचा तर नळी हृदयापर्यंत न्यावी लागते. विश्रांतीत फुप्फुसाच्या बाजूने मोजलेला भरणदाब पाऱ्याच्या 15 मिलिमीटरवर गेला, तर तो वाढलेला मानतात. ही परीक्षा नेमकी असते, पण धाप लागणाऱ्या प्रत्येकाची ती करणे शक्य नाही. म्हणून ध्वनिलहरींचा आधार घ्यावा लागतो.

या तंत्राचा जन्मच हृदय भरण्याच्या प्रश्नातून झाला. स्वीडनमधल्या लुंड इथले हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांना मिट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण शस्त्रक्रियेआधी नीट तपासायचे होते. संधिवाताच्या तापाने ही झडप आखडते आणि रक्ताला खाली उतरायला वाट उरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेलमुथ हर्ट्झ त्यांना येऊन मिळाले. जहाजबांधणीच्या गोदीत धातूतल्या भेगा शोधायला वापरले जाणारे ध्वनियंत्र या कामाला चालेल, हे त्यांनी ताडले. 29 ऑक्टोबर 1953 रोजी, सीमेन्स कंपनीकडून उसन्या मिळालेल्या यंत्रावर, धडधडत्या हृदयाची पहिली आलेखने त्यांनी टिपली. 1977 मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

नुसत्या प्रतिध्वनीने भिंती आणि झडपा दिसल्या, पण वाहणारे रक्त दिसले नाही. त्याला 1842 मध्ये प्राग इथे ख्रिस्तियान डॉपलर यांनी मांडलेले तत्त्व उपयोगी पडले. ध्वनी परतवणारी वस्तू जवळ येत असेल तर परतलेल्या लहरींची कंपने वाढतात, दूर जात असेल तर कमी होतात. हलणाऱ्या रक्तपेशींचा वेग यातून काढता येतो. नॉर्वेतल्या ट्रॉन्धाइम इथल्या डॉ. लिव्ह हाटले यांनी अभियंते ब्यॉर्न आंगेलसेन यांच्यासोबत हे तंत्र रुग्णाच्या खाटेपाशी आणले. दोघांचे पुस्तक 1982 मध्ये आले आणि डॉपलर शिकणाऱ्या एका पिढीचे ते मुख्य पाठ्यपुस्तक ठरले.

मिट्रल झडपेच्या टोकाशी डॉपलर धरला की पडद्यावर प्रत्येक ठोक्याला दोन लाटा उमटतात. पहिली ‘ई’, निलय सैल होताना आत आलेल्या रक्ताची. दुसरी ‘ए’, अलिंदाने शेवटी ढकललेल्या रक्ताची. तरुणपणी ई उंच, ए बुटकी. सैल होण्याचा वेग मंदावला की ई खाली येते आणि ए वर जाते. हीच ती ग्रेड वन. साठीनंतर बहुतेकांच्या आलेखात कमी-अधिक प्रमाणात हेच दिसते.

अडचण पुढे येते. आजार वाढला आणि अलिंदातला दाब चढला की तो दाबच रक्ताला जोराने खाली लोटतो. ई पुन्हा उंच होते आणि आलेख निरोगी माणसाच्या आलेखासारखा दिसू लागतो. याला ‘स्यूडोनॉर्मल’ म्हणतात. आणखी ताठरपणा आला तर ई ए च्या दुप्पट किंवा अधिक होते आणि झटकन संपते. ती तिसरी, गंभीर पायरी. हाटले यांनी अॅपलटन आणि पॉप यांच्यासोबत 1988 मध्ये हे आकृतिबंध आणि त्यांच्यामागचे दाब यांची सांगड घालून दाखवली. म्हणजे एकच चित्र तिशीतल्या धडधाकट माणसाचेही असू शकते आणि फुप्फुसांत पाणी साचण्याच्या बेतात असलेल्या रुग्णाचेही. निव्वळ ई आणि ए पाहून दोघांत फरक करता येत नाही. नाक-तोंड बंद करून जोर लावायला सांगितल्यावर हृदयाकडे येणारे रक्त घटते. तेव्हा ई आणि ए चे गुणोत्तर निम्म्याने खाली आले, तर दाब वाढलेला असल्याची ती भक्कम खूण ठरते. पण धाप लागलेल्या वयस्क माणसाला हा जोर नीट लावता येतोच असे नाही.

ही कोंडी टिश्यू डॉपलरने बरीच फोडली. रक्त वेगाने धावते आणि त्याचा प्रतिध्वनी क्षीण असतो. स्नायू संथ हलतो आणि त्याचा प्रतिध्वनी ठळक असतो. यंत्राची गाळणी उलटी लावली की रक्त वगळून स्नायूचा वेग मोजता येतो. मिट्रल झडपेच्या कडेचा स्नायू भरण्याच्या सुरुवातीला ज्या वेगाने मागे सरतो, त्याला ‘ई-प्राइम’ म्हणतात. अलिंदातल्या दाबाने ई फसवी होते, पण आजारी स्नायूचा ई-प्राइम मंदच राहतो. 1997 मध्ये सोलमधले सोन आणि ह्यूस्टनमधले नागेह यांच्या गटांनी त्याचा उपयोग स्वतंत्रपणे दाखवला. ई ला ई-प्राइमने भागले की दाबाचा अंदाज येतो. रक्ताचा वेग सेकंदाला 80 सेंटिमीटर आणि स्नायूचा 10 असेल तर भागाकार 8, म्हणजे चिंता नाही. रक्ताचा वेग तोच, पण स्नायूचा 5 असेल तर 16, म्हणजे दाब चढलेला असण्याची दाट शक्यता.

सन 2000 मध्ये मेयो क्लिनिकच्या ओमन आणि सहकाऱ्यांनी 100 रुग्णांत हा भागाकार नळीने मोजलेल्या दाबाशी ताडून पाहिला. 8 च्या खाली दाब सहसा नीट, 15 च्या वर सहसा वाढलेला. मधल्या पट्ट्यात मात्र काहीही निघू शकत होते. हा मधला पट्टा आजही या शास्त्राची डोकेदुखी आहे, कारण बाह्यरुग्ण विभागात येणारी बरीच माणसे नेमकी त्यातच सापडतात.

म्हणून आणखी दोन साक्षी लागतात. एक डाव्या अलिंदाचे आकारमान. ई आणि ए चे आकडे तपासणीच्या क्षणाचे असतात, लघवीचे औषध घेतले तरी बदलतात. अलिंद मात्र महिनोन्‌महिने दाब सोसून मोठे होते, म्हणून मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेला जे स्थान आहे, तेच इथे त्याला आहे. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे 34 मिलिलिटरच्या वर गेलेले अलिंद वाढलेले समजतात. दुसरी साक्ष उजव्या बाजूची. फुप्फुसांतला दाब वाढला की ट्रायकस्पिड झडपेतून मागे झिरपणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो. वेगाचा वर्ग करून त्याला 4 ने गुणले की दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक निघतो. सेकंदाला 2.8 मीटर वेग म्हणजे पाऱ्याचे सुमारे 31 मिलिमीटर, आणि त्यापुढे शंका घ्यायची.

अमेरिकी आणि युरोपीय इको संघटनांनी 2009 मध्ये या सगळ्याची पहिली संयुक्त मार्गदर्शिका काढली. ती इतकी गुंतागुंतीची होती की दोन तज्ज्ञांची मते जुळत नसत. 2016 च्या आवृत्तीने पंपिंग चांगले असलेल्यांसाठी चारच कसोट्या ठेवल्या: मंद ई-प्राइम, 14 च्या वरचा भागाकार, मोठे अलिंद आणि 2.8 च्या वरचा ट्रायकस्पिड वेग. चारांपैकी तीन भरल्या तर दोष आहे, एक किंवा शून्य असेल तर नाही आणि दोन भरल्या तर ‘अनिश्चित’. खटाटोप कमी झाला, अनिश्चितांची संख्या मात्र बरीच राहिली. 2025 च्या अमेरिकी आवृत्तीत ई-प्राइम, भागाकार आणि ट्रायकस्पिड वेग आधी पाहून, ते परस्परविरोधी निघाले तर अलिंदाच्या ताणाकडे वळायला सांगितले आहे. भरताना अलिंद किती टक्के ताणले जाते, हे संगणक चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून सांगतो. 18 टक्के किंवा त्याहून कमी ताण ही दाब वाढल्याची खूण. तिथेही अडले तर रुग्णाला सायकलवर पाय मारायला लावून श्रम करताना पुन्हा मोजतात, कारण तक्रार श्रमातली असेल तर उत्तर विश्रांतीत मिळेलच असे नाही.

काही हृदयांना हे नियम लागूच होत नाहीत. ठोके अनियमित करणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंद नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे ए लाट नाहीशी होते. मिट्रल झडपेच्या कडेला चुना साचला असेल, झडप अरुंद असेल, पेसमेकर बसवलेला असेल, तर ई-प्राइमवरचा भरवसा कमी होतो. भारतात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. क्षयरोगाने हृदयाभोवतीचे आवरण जाड आणि घट्ट होते, तेव्हा हृदय भरायला जागाच उरत नाही. पोट फुगते, पाय सुजतात आणि रुग्ण यकृताचा म्हणून फिरत राहतो. इथे स्नायू निरोगी असतो, त्यामुळे ई-प्राइम चांगला, कधी कधी वाजवीपेक्षाही चांगला दिसतो. श्वास आत घेताना मिट्रल झडपेतला प्रवाह ठळकपणे घटतो. स्नायूच ताठर झालेल्या आजारात ई-प्राइम मंद असतो. हा फरक ओळखणे महत्त्वाचे, कारण आवरण शस्त्रक्रियेने काढता येते आणि माणूस बरा होऊ शकतो.

स्नायूच्या बाजूचे उदाहरण याच किनाऱ्यावर दक्षिणेला आहे. केरळात एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस हा आजार गरीब घरांतल्या मुलांत आणि तरुणांत बराच आढळे. निलयाच्या टोकाशी आतून तंतूंचा थर साचून पोकळी बुजत जाते. पंपिंग टिकून असते, पण भरायला जागा नसते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतले डॉ. एम. एस. वलियाथन यांनी त्याचा संबंध किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतल्या थोरियम-सेरियमशी आणि कुपोषणाशी असावा, असा विचार मांडला. कारणाचा वाद पूर्ण मिटला नाही, पण राहणीमान सुधारले तसा आजार ओसरत गेला.

कोकणात आज भरण्याच्या दोषाचे मूळ बहुतांशी वेगळे आहे, रक्तदाब आणि साखर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहात सर्वांत वर होते गोवा, 26.4 टक्के. बांदा ओलांडले की लागणारे हे राज्य. दोन्हीकडची थाळी आणि राहणी यांत फारसे अंतर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आत चरबी बाळगून असते. त्यामुळे परदेशी पाठ्यपुस्तकांतला स्थूल रुग्ण डोळ्यांपुढे ठेवला तर इथला रुग्ण ओळखू येणार नाही. खारवलेला बांगडा, सुकी मासळी, लोणची, मीठ घालून टिकवलेले आगळ ही कोकणच्या पावसाळ्याची बेगमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. रक्तदाबाच्या रुग्णाने पावसाळ्यात हे विशेष पाहायला हवे.

मग ‘ग्रेड वन’चे काय करायचे? अमेरिकेतल्या ओल्मस्टेड परगण्यात 45 वर्षांवरच्या 2042 लोकांची इको झाली आणि निष्कर्ष 2003 मध्ये आले. 20.8 टक्क्यांत सौम्य दोष, 6.6 टक्क्यांत मध्यम आणि 0.7 टक्क्यांत गंभीर. दर पाचांतल्या एकात सौम्य दोष असेल तर त्याला हृदयाचे अपयश म्हणता येणार नाही. पण सौम्य दोष असलेल्यांतही पुढच्या वर्षांत मृत्यूचे प्रमाण दोष नसलेल्यांपेक्षा अधिक निघाले. म्हणून तक्रार नसताना ही ओळ दिसली तर तिचा अर्थ रक्तदाब, साखर आणि वजन यांचा कडक हिशेब मांडायचा, एवढा आहे. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. के. के. दाते यांनी 1969 मध्येच सहकाऱ्यांसोबत शवासनाने रक्तदाब उतरतो का, याचा अभ्यास करून तो परदेशी नियतकालिकात छापला होता. आज औषधे स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत. ती रोज घेणे हाच भरण्याच्या दोषावरचा पहिला उपाय आहे.

तक्रार असेल आणि दाबही वाढलेला निघाला, तर आता हात बांधलेले नाहीत. अनेक वर्षे या आजारावर दिलेली औषधे चाचण्यांत नापास होत होती. 2021 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची 5988 रुग्णांवरची आणि 2022 मध्ये डापाग्लिफ्लोझिनची 6263 रुग्णांवरची चाचणी आली. मुळात मधुमेहाच्या या गोळ्यांनी, मधुमेह असो वा नसो, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटवले. एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा अपयशासाठी भरती यांचे प्रमाण 17.1 टक्क्यांवरून 13.8 टक्क्यांवर आले. भारतात दोन्ही औषधांचे पेटंट संपल्याने किमती उतरल्या आहेत. उपचार हाताशी आल्यामुळे निदान अचूक असण्याचे मोलही वाढले आहे.

सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अवघड रुग्ण गोव्यात बांबोळीला किंवा आंबोली घाट चढून बेळगावला जातात. प्रत्येक संशयितासाठी हा प्रवास परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. यंत्र गावोगाव फिरवणेही सोपे नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी बंधनकारक आहे, हातात मावणाऱ्या यंत्रांच्या वापरावर मर्यादा आहेत आणि त्यामागचे कारण रास्त आहे. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी जी इको होते, तीच पूर्ण व्हायला हवी. त्यासाठी लागणारे पल्स आणि टिश्यू डॉपलर आजच्या बहुतेक इको यंत्रांत असतात. लागतात ती दहा-पंधरा जास्तीची मिनिटे, ठोका नियमित आहे की नाही हे पाहणारी नजर आणि रुग्णाला विचारलेले दोन प्रश्न: धाप कशाने लागते, आणि रात्री उशा किती लागतात?

आकडे वाचतानाही सावध राहायला हवे. निरोगी हृदयांचे माप घेणाऱ्या पंधरा देशांच्या ‘वेझ’ अभ्यासात डाव्या निलयाची आकारमाने भारतीयांत सर्वांत लहान निघाली. परदेशी हृदयांवर बेतलेल्या सीमारेषा किडकिडीत बांध्याच्या मालवणी आजीला जशाच्या तशा लावाव्यात का, हा प्रश्न खुला आहे. त्याचे उत्तर इथल्याच निरोगी माणसांची मापे घेऊन मिळेल आणि जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असताना ते काम ओरोसलाच सुरू होऊ शकते. तोवर अहवालात ‘ग्रेड वन’ एवढीच ओळ न छापता ई, ए, दोन्ही बाजूंचा ई-प्राइम, त्यांचा भागाकार, अलिंदाचे आकारमान आणि ट्रायकस्पिडचा वेग हे आकडे लिहिले जावेत. तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडीही शेजारी असावी. सहा महिन्यांनी वेंगुर्ल्यात किंवा बांबोळीत दुसरा डॉक्टर तोच कागद हाती घेईल, तेव्हा आधीच्या आकड्यांशी ताडून दाब चढला की उतरला हे त्याला सांगता येईल आणि गोळी वाढवायची की कमी करायची, हे त्यावरून ठरवता येईल.